थायलंडचं इमिग्रेशन आणि आपल्याकडचे व्हिसावाले: अमळनेरहून एक रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते, मग सविस्तर. बँकॉकच्या चेंगवत्तनाच्या इमिग्रेशन ऑफिसला पाचपैकी साडेचार. थायलंडच्या ई-व्हिसा साइटला चार. जळगावच्या ज्या ऑफिसातून आम्ही कागदांचं अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे असल्याचे सरकारी शिक्के, करून घेतलं त्यांना पूर्ण पाच. आणि जळगावातल्याच दुसऱ्या एका व्हिसावाल्याने माझ्या मामेभावाकडून फुकटच्या फॉर्मचे पैसे घेतले, त्याला एक स्टारही नाही. नावं दोघांचीही लिहीत नाही, कारण ऑफिसातली माणसं बदलतात, कोणाला काय विचारायचं हे आपल्याला माहीत असलं की पुरे.

माझे मिस्टर बँकॉकच्या सिलोम भागात दागिन्यांच्या कंपनीत प्रोडक्शन बघतात, मी त्यांची डिपेन्डन्ट, म्हणजे माझा व्हिसा त्यांच्या व्हिसावर अवलंबून, मुलगी तिकडेच शाळेत आहे. आमच्या घरात व्हिसा, एक्स्टेन्शन, रिपोर्टिंग सगळं मीच बघते, आणि सुट्टीत अमळनेरला आलं की कोणी ना कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत पासपोर्ट घेऊन येतंच, ताई जरा बघा ना, आमच्या पोराला तिकडे नोकरी लागतेय म्हणे. जळगाव, धुळे, चोपडा सगळीकडून विचारणा असते कारण सोन्याचांदीचं काम आपल्याकडे पिढ्यानपिढ्याचं आणि बँकॉक हे रत्नांचं, दागिन्यांचं मोठं मार्केट. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की व्हिसावर छापलेली तारीख आणि तिथे राहायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसावरची तारीख म्हणजे तोपर्यंत तुम्ही थायलंडमध्ये शिरू शकता. राहायचं किती दिवस ते एअरपोर्टवर पासपोर्टवर जो शिक्का मारतात त्यावर असतं, आणि तीच तारीख खरी. एक वर्षाचा मल्टिपल नॉन-बी (नोकरीसाठीचा व्हिसा) घेतला म्हणजे वर्षभर राहता येतं असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण त्यात दर वेळी शिरल्यावर ९० दिवसच मिळतात, पुढचं एक्स्टेन्शन तिथल्या इमिग्रेशनकडून घ्यावं लागतं. त्यामुळे कुठल्याही एजंटला पहिला प्रश्न हाच टाका, भाऊ, शिक्का किती दिवसांचा मिळेल? जो याचं सरळ उत्तर देत नाही त्याच्याकडे चहासुद्धा घेऊ नका, उठून या.

दिवस मोजायचे ते पण त्यांच्या पद्धतीने. उतरलात तो दिवस पहिला धरतात. म्हणजे ५ जुलैला उतरलात आणि ६० दिवस मिळाले तर शेवटचा दिवस २ सप्टेंबर, ५ सप्टेंबर नाही. दोन महिने म्हणून तिकीट काढणारे लोक इथेच अडकतात. ओव्हरस्टेचा, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहण्याचा, दंड दिवसाला ५०० बाथ (थाई चलन), जास्तीत जास्त २०,००० बाथपर्यंत, हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि म्हणून वाटतं की जाऊ दे, दंड भरू. पण ९० दिवसांपेक्षा जास्त राहून स्वतःहून निघालात तरी एक वर्षाची बंदी लागते, एक वर्षाच्या वर तीन वर्षं, तीनच्या वर पाच, पाचच्या वर दहा. आणि स्वतःहून न निघता पकडले गेलात तर वर्षाच्या आतल्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षं बंदी. २०१६ पासून हा नियम आहे आणि यात ओळख, वशिला काही चालत नाही.

आता त्या फुकटच्या फॉर्मचं सांगते. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडॅक म्हणतात त्याला. उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर भरायचं, एक पैसाही लागत नाही, पासपोर्ट नंबर, फ्लाइट, राहायचा पत्ता एवढंच विचारतात, मोबाइलवर होतं आणि क्यूआर कोड येतो. माझा मामेभाऊ फिरायला येणार होता, त्याच्याकडून या एजंटने ‘एन्ट्री परमिशन चार्ज’ म्हणून पैसे घेतले आणि वर ‘अर्जंट’चे वेगळे. आमच्या सासूबाईंनी ऐकलं आणि लगेच म्हणाल्या, इतला पैसा कसाले? बरोबर प्रश्न आहे. गुगलवर सर्च केलं तरी वरती पैसे मागणाऱ्या प्रायव्हेट साइट्स दिसतात, दिसायला अगदी सरकारी वाटतात, पण पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीएच आहे का ते बघा, नसेल तर बंद करा.

फिरायला जाणाऱ्यांसाठी भारतीयांना व्हिसा माफ झाला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, तेव्हा ३० दिवस होते, मग १५ जुलै २०२४ पासून ६० केले, आणि तेव्हा वर इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाथ भरून ३० दिवस वाढवता यायचे. हे आकडे सरकार बदलत असतं, तर तिकीट काढायच्या आठवड्यात थाई एम्बसीच्या साइटवर बघूनच घ्या, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका. पण एक गोष्ट बदललेली नाही, या एन्ट्रीवर काम करता येत नाही. पगाराचं नाही, बिनपगारी ‘ट्रायल’ पण नाही. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड आणि परत पाठवणी. ‘आधी फिरायला म्हणून जा, नंतर तिकडे कंपनी करून देईल’ असं ज्याने सांगितलं त्याला सांगा, आधी कंपनीचं पत्र दाखव, मग तिकीट.

बरं, नोकरीचा सरळ रस्ता असा. कंपनी तिथे कामगार खात्यात अर्ज करते, मंजुरीचं पत्र आणि कंपनीचे कागद तुम्हाला पाठवते, त्यावर तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसासाठी इथून अर्ज करता, तिकडे उतरल्यावर ९० दिवस मिळतात, त्या काळात वर्क परमिट आणि मग एक वर्षाचं एक्स्टेन्शन. साधारण नियम असा की एका परदेशी माणसामागे कंपनीचं २० लाख बाथ भांडवल आणि चार थाई कामगार पाहिजेत, आणि एक्स्टेन्शनला भारतीय माणसाचा पगार महिन्याला किमान ३५,००० बाथ दाखवावा लागतो. म्हणून एखाद्याने १५ हजार बाथच्या पगारावर बँकॉकची नोकरी सांगितली तर पोराला पाठवू नका, त्या पगारावर त्याचे कागद कायद्याने होणारच नाहीत. आणि सराफ बाजारातल्या कारागीर भावांसाठी खास सांगते, खडे कापणं आणि पॉलिश करणं हे काम थायलंडमध्ये परदेशी माणसाला बंद आहे, ते थाई लोकांसाठी राखीव. ड्रायव्हर, टूर गाइड पण तसंच. हात कितीही बसलेला असला तरी त्या नावाने परमिट निघणार नाही, त्यामुळे ऑफर लेटरवर कामाचं नाव काय लिहिलंय ते नीट वाचा.

ई-व्हिसा साइटबद्दल. भारतीयांसाठी १ जानेवारी २०२५ पासून सगळं ऑनलाइन आहे, पासपोर्ट मुंबईला पाठवायची भानगड संपली, आपल्यासारख्या लांबच्या लोकांसाठी ही फार मोठी सोय झाली. महाराष्ट्राच्या पत्त्यावरून अर्ज मुंबईच्या थाई कॉन्सुलेटकडे जातो. मी नणंदेच्या मुलाचा अर्ज इथे अमळनेरला घरी बसून भरला, स्कॅन मात्र दुकानात जाऊन नीट करून घ्या, मोबाइलने तिरका फोटो काढून टाकू नका, चारही कोपरे दिसले पाहिजेत. मंजुरीचा कागद मेलवर येतो, त्याची प्रिंट जवळ ठेवायची. यात एजंटची गरज नाही, इंग्रजी वाचता येणारा घरात एक जण असला की झालं. मार्क चारच का तर साइट समजायला थोडी जड आहे, कुठल्या प्रकारात अर्ज करायचा हे पहिल्यांदा करणाऱ्याला पटकन कळत नाही, एवढंच.

एजंटची खरी गरज पडते अटेस्टेशनला, आणि इथे मी मनापासून कौतुक करणार आहे. आमच्या वेळी मिस्टरांची उमविची (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची) डिग्री आणि आमचं लग्नाचं सर्टिफिकेट, दोन्ही कागद मुंबईत राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र खात्याकडून, मग थाई कॉन्सुलेटकडून पास करून घ्यायचे होते. जळगावच्या या ऑफिसातल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की युरोपसारखं समजू नका, इथे नुसत्या अपोस्टिलवर, म्हणजे आपल्या परराष्ट्र खात्याच्या एका शिक्क्यावर, भागत नाही, कॉन्सुलेटचा शिक्का लागेल. सरकारी फी किती आणि त्यांचे किती हे वेगवेगळं लिहून दिलं, पावत्या दिल्या. आणि माझा पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटाने तपासलं. सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, मग मिस्टरांचं नाव, सासरचं आडनाव. आपल्याला यात काही वाटत नाही, महाराष्ट्रात बाईचं मधलं नाव लग्नानंतर बदलतं हे शेंबड्या पोराला माहीत असतं, पण थाई अधिकाऱ्यासमोर ही दोन वेगळ्या बायकांची नावं आहेत. काकांनी तिथल्या तिथे ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं ॲफिडेव्हिट करायला लावलं आणि तेही सोबत पास करून घेतलं. पुढे बँकॉकला डिपेन्डन्टच्या नॉन-ओ एक्स्टेन्शनच्या वेळी ऑफिसरने नेमका त्यावरच बोट ठेवलं आणि मी तो कागद पुढे केला. त्या एका कागदासाठी पाच स्टार. ज्या बहिणी नवऱ्यासोबत जाणार आहेत त्यांनी हे काम इथेच, निघायच्या आधी करा, तिकडून करायचं म्हणजे कुरिअर आणि फोन यात महिने जातात.

तिकडे गेल्यावर कागदांचं थाई भाषांतर करावं लागतं. तुमचं नाव थाई लिपीत पहिल्या वेळी जसं लिहिलं तसंच पुढे सगळीकडे राहिलं पाहिजे, भाषांतरवाला बदलला तर जुनी कॉपी त्याच्यासमोर ठेवा. भाडेकरारावर २५६८ असं साल दिसलं तर दचकू नका, बौद्ध साल आहे, ५४३ वजा केले की आपलं निघतं.

चेंगवत्तनाचं ऑफिस म्हणजे बिल्डिंग बी, केवढी मोठी इमारत, मध्ये उंच मोकळा हॉल, आपलं अख्खं बसस्टँड आत मावेल. शहरातून लांब पडायचं पण आता पिंक लाइन मोनोरेलचं गव्हर्नमेंट कॉम्प्लेक्स स्टेशन आहे, तिथून आत थोडं जावं लागतं. सकाळी साडेआठला उघडतं, दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी, शनिवार-रविवार बंद. खालच्या मजल्यावर झेरॉक्स, फोटो, फूडकोर्ट सगळं आहे. एक्स्टेन्शनसाठी टीएम-७ फॉर्म, ४ बाय ६ सेंटीमीटरचा फोटो, पासपोर्टच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही, निळ्या पेनने. १,९०० बाथ फी, पावती मिळते, वर एक बाथ कोणी मागत नाही. नंबर लागला की बाई हसून सवादी म्हणते, कागद एका ठराविक क्रमाने लावते, कमी असेल तो कागद पेन्सिलने लिहून देते, आणि तो आणून दिला की काम होतं. मला हे फार भावतं. इथे नाही तिथे जा, उद्या या, साहेब नाहीत, असलं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही. तुम्ही पण नीट कपडे घालून जा, आवाज चढवू नका, रांगेत कोणाला पुढे घुसवू नका. अर्धा मार्क कापला तो वेळेसाठी, जायचं तर अख्खा दिवस मोकळा ठेवूनच जायचं.

मग येतात टीएम-३० आणि ९० दिवसांचं रिपोर्टिंग, आणि गोंधळ सगळा यातच होतो. टीएम-३० म्हणजे तुम्ही राहायला आलात हे घरमालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं. जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, हॉटेलवाले स्वतः करतात, पण भाड्याच्या फ्लॅटचे मालक टाळतात. आमची एक मालकीणबाई दर वेळी उद्या करते म्हणायची आणि त्यावाचून आमचं एक्स्टेन्शन पुढे सरकत नव्हतं. तेव्हापासून मी घर बघतानाच विचारते, टीएम-३० कराल ना, आणि करारात लिहून घेते. घर कितीही छान असलं, स्विमिंग पूल असला, तरी यावर मालक का-कू करत असेल तर सोडून द्या.

९० दिवसांचं म्हणजे सलग ९० दिवस देशात राहिलात की पत्ता कळवायचा, टीएम-४७. काही फी नाही. ऑफिसात जाऊन केलं तर तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, उशीर झाला तर २,००० बाथ दंड. पहिल्यांदा ऑफिसात जाऊन करायचं, नंतर ऑनलाइन होतं. लोकांना वाटतं हे केलं की व्हिसा वाढला. नाही हो, हा फक्त पत्ता कळवणं आहे, राहायची मुदत एक दिवसानेही वाढत नाही. मी दोन्ही तारखा कॅलेंडरवर दोन रंगांनी लिहिते, लाल मुदतीची आणि हिरवी रिपोर्टिंगची, तुम्ही पण वेगळ्याच लिहा.

री-एन्ट्री परमिटबद्दल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीबद्दल, मला कळकळीने सांगायचंय. वर्षाचं एक्स्टेन्शन हातात असताना तुम्ही परमिट न घेता देशाबाहेर पडलात तर ते एक्स्टेन्शन त्या क्षणी रद्द होतं. संपलं, परत नॉन-बीपासून सुरू. आमच्या ओळखीतल्या एका धरणगावच्या भाऊंचे वडील अचानक गेले, रात्री फोन आला, माणूस तसाच एअरपोर्टला पळाला, कोणाला सुचणार त्या वेळी. परत आले तर टुरिस्टचा शिक्का, वर्क परमिट लटकलं, घरात दुःख आणि त्यात हे. म्हणून ज्यांचे आईवडील गावी आहेत, वय झालंय, त्यांनी एक्स्टेन्शन मिळाल्याच्या दिवशीच मल्टिपल री-एन्ट्री काढून ठेवा, ३,८०० बाथ, एका वेळेचं १,०००. सुवर्णभूमी एअरपोर्टवर पण काउंटर आहे, पण अशा वेळी तो शोधायची, फॉर्म भरायची मनःस्थिती नसते. आम्ही दर वर्षी पहिलं तेच काढतो.

बऱ्याच बायका विचारतात, तू तिकडे भाकरी-भाजीचे डबे का नाही चालू करत, इतके मराठी लोक आहेत. तर डिपेन्डन्टच्या व्हिसावर पैसे कमवायचं कुठलंही काम चालत नाही, घरून केलेलं पण नाही. माझं एक्स्टेन्शन मिस्टरांच्या तारखेला बांधलेलं आहे, त्यांची नोकरी गेली तर आमच्या दोघींची मुदत पण तिथेच थांबते. हे लग्न ठरवताना पोरीच्या घरच्यांना माहीत असलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एजंटकडून नोकरीला जाणाऱ्या पोरांबद्दल. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडच्या माए सोटहून ५४९ भारतीय परत आणले, ती पोरं बँकॉकच्या नोकरीच्या नावाने गेलेली, तिथून सीमेपलीकडे म्यानमारला नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवलेली. सगळी पोरं आपल्यासारख्याच घरातली. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं, आणि थायलंड हा ईसीआरच्या यादीतला देश आहे, म्हणजे नोकरीला जायला आपल्या सरकारची एमिग्रेशन क्लिअरन्स लागते. एजंटला परराष्ट्र खात्याचा परवाना आहे का ते ई-मायग्रेट साइटवर बघता येतं, आणि परवानाधारक एजंट ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेऊ शकत नाही. शेत गहाण ठेवून दोन-तीन लाख मागणाऱ्याला आधी परवाना नंबर विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर मला फाइल दाखवा, मी विचारते.

शेवटचं, या सुट्टीत जे पासपोर्ट रिन्यू करायला आलेत त्यांच्यासाठी. जळगाव आणि धुळ्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रामुळे नाशिक-मुंबईच्या फेऱ्या वाचतात, पण तुमचं एक्स्टेन्शन आणि री-एन्ट्री जुन्या पासपोर्टमध्ये आहे हे तिथे काउंटरवर आधीच सांगा, आणि जुना पासपोर्ट परत घेतल्याशिवाय येऊ नका. जाताना दोन्ही सोबत, टीडॅकवर नवा नंबर टाकायचा, तिकडे पोहोचलं की चेंगवत्तनाला जाऊन शिक्के नव्या पासपोर्टवर उतरवून घ्यायचे, त्याची फी नाही. आणि नव्या पासपोर्टवरचं पहिलं ९० दिवसांचं रिपोर्टिंग परत ऑफिसात जाऊनच करावं लागतं, ऑनलाइन घेत नाही, तर ती तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.